शेणखत पुरते कुजले का?

मे महिना सरत आला की औंढा नागनाथ, वसमतच्या रस्त्यांवर शेणखताच्या ट्रॉल्या दिसू लागतात. हळदीला हे खत भरपूर लागते. शिफारसच हेक्टरी 25 ते 40 टनांची आहे. खत पडते आणि थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस येतो. वरच्या अंगाच्या शिवारांतले पाणी ओढ्यांतून सिद्धेश्वरच्या जलाशयात उतरते, खालच्या अंगाचे पूर्णेतून पुढे गोदावरीला मिळते.

या पाण्याबरोबर नत्र-स्फुरद वाहून जाते, हे शेतकरी जाणतो. पण शेणात संप्रेरकेही असतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ही जनावराच्या शरीरातच तयार होतात आणि काम झाले की बाहेर टाकली जातात. त्यासाठी इंजेक्शन दिलेले असावे लागत नाही. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यांत तर इस्ट्रोजेन कैक पटींनी वाढते आणि त्यातले निम्म्याहून अधिक शेणावाटे जाते. कोंबडीची विष्ठा आणि मूत्र एकत्रच पडते, त्यामुळे कोंबडी खतात दोन्हींतली संप्रेरके येतात.

हवा खेळती असलेल्या ओलसर मातीत जिवाणू त्यांचा फडशा पाडतात, बहुतेक काही दिवसांतच. टेस्टोस्टेरॉन आधी जाते, इस्ट्रोजेन थोडे रेंगाळते. उरलेले चिकण कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना धरून बसते. मग अडचण कुठे? काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी सरळ खाली जाते. मातीला त्यातले काही धरून ठेवायला सवडच मिळत नाही. जोराच्या सरीत वरचा थर वाहिला, तर त्याला चिकटलेली संप्रेरकेही जातात. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथे ती लवकर मोडत नाहीत.

अमेरिकेत आर्कान्सासच्या चुनखडीच्या भागात, जिथे शेतांवर कोंबडी खत पडते, झऱ्यांच्या पाण्यात लिटरमागे 6 ते 66 नॅनोग्रॅम इस्ट्राडायोल सापडले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे नगण्य वाटेल, पण माशांना तेवढेही पुष्कळ होते. कॅनडात 2001 ते 2003 या काळात एका तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे 5-6 नॅनोग्रॅम राहील असे सोडले. नर माशांत अंड्याचे प्रथिन तयार होऊ लागले आणि एका लहान माशाची वस्ती जवळपास संपली. गाईचे इस्ट्रोजेन त्या कृत्रिम रसायनाइतके चिवट नसते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

माणसाने घाबरण्याचे कारण नाही. ही संप्रेरके दुधातही निसर्गतःच असतात. पाण्यातून पोटात जाणारा वाटा त्यापुढे किरकोळ. प्रश्न आहे तो चोवीस तास त्याच पाण्यात राहणाऱ्या माशांचा आणि बेडकांचा.

उपाय फार लांब नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत रुजवली. विटांच्या टाक्याला भोके ठेवतात, ती आत हवा जावी म्हणून. जिवाणूंना हवे ते नेमके हेच. नाडेपला साधारण 90 ते 120 दिवस लागतात. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंबडी खत 139 दिवस कुजवल्यावर पाण्यात विरघळणारे इस्ट्राडायोल 84 टक्के, तर टेस्टोस्टेरॉन 90 टक्के घटले होते.

म्हणजे उन्हाळ्यात शेतात जाणारे खत हिवाळ्यातच भरायला घ्यावे लागते. उकिरडा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर हवा. खत पसरल्यावर पावसाची वाट न पाहता वखराने मातीत मिसळावे. कुजलेले खत हातात भुसभुशीत लागते आणि त्याला मातीचा वास येतो. ढिगात हात घातल्यावर चटका बसत असेल, तर ते खत अजून महिनाभर तिथेच राहू द्यावे.