बँकेचा वकील बँकेसाठी. घर घेताना आपला वकील निराळा करा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, मुंब्रा अशा ठिकाणी आपले व्यापारी आणि कारीगर बांधव बँकेचे कर्ज काढून घर घेऊ लागले आहेत. व्याजाच्या कर्जाचा प्रश्न दीनचा आहे. त्याबाबत ज्याने त्याने उलमांना विचारावे. या लेखात फक्त कागदपत्रांचा विचार करायचा आहे. "बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद साफच असणार, मग दुसऱ्या वकिलाला फी कशाला द्यायची?" असे बाजारात नेहमी ऐकू येते. ही समजूत अत्यंत नुकसानीची आहे. शंभर रुपयांचा कापडाचा तुकडा घेतानाही जो माणूस उजेडात धरून पाहतो, तो आयुष्यभराची हलाल कमाई दुसऱ्याच्या तपासणीवर सोडून देतो, हे बरे नव्हे.

बँकेची तपासणी कोणासाठी?

बँक आपल्या यादीवरील वकिलाकडून मिळकतीचे कागद तपासून घेते. त्याची फी बहुधा कर्जदाराकडूनच घेतली जाते, पण अहवाल बँकेच्या नावाने लिहिला जातो आणि तो वकील बँकेला जबाबदार असतो. पुष्कळ वेळा कर्जदाराला त्या अहवालाची प्रतही मिळत नाही. बँकेला आपली रक्कम वसूल होईल की नाही एवढे पाहायचे असते. उद्या मालकीत खोट निघाली तरी कर्जदाराचा हप्ता माफ होत नाही. घर हातचे जाते आणि कर्ज डोक्यावर राहते.

कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण ताजे आहे. तेथे महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेथील अनेक कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढूनच घरे घेतली होती. म्हणजे बँकेची मंजुरी आणि महारेराचा क्रमांक हे दोन्ही असूनही छप्पर धोक्यात आले. बांधकाम परवानगीचा कागद खरा आहे की नाही, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळणारा आपला माणूस हवा.

वकील निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, वकील मिळकतीच्या कामाचा असावा. फौजदारी खटल्यात नाव कमावलेला वकील खरेदीखताच्या कामात तितकाच जाणता असेल असे नाही. मुंबईत सॉलिसिटरांच्या पेढ्या हे काम करतात. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी वकील करतात. दस्तलेखक किंवा मुद्रांक विक्रेता म्हणजे वकील नव्हे. वकिलाला १९६१ च्या कायद्याखाली बार कौन्सिलची सनद असते. सनद क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

दुसरी गोष्ट, तो विकणाऱ्याचा, बिल्डरचा किंवा दलालाचा माणूस नसावा. "दोन्हीकडचे काम आमचे वकीलसाहेबच करतील, तुमचा खर्च वाचेल," असे सांगितले जाते. हा खर्च वाचवू नये. ज्या वकिलाने एका पक्षाला सल्ला दिला त्याने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. वकिलांना जाहिरात करण्याचीही मनाई आहे. म्हणून फलक पाहून वकील करू नये. ज्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत त्याच भागात घर घेतले, अशा ओळखीच्या लोकांकडे चौकशी करावी.

तिसरी गोष्ट, काम आणि फी आधी ठरवून कागदावर घ्यावी. निबंधक कार्यालयातील शोध, जाहीर नोटीस, साठेखत व खरेदीखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी यांपैकी फीमध्ये काय आले आणि काय नाही, हे स्पष्ट असावे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचा हिशेब वेगळा ठेवावा आणि पावत्या मागाव्यात. अहवाल आपल्या नावाने, सहीचा आणि लेखी घ्यावा. तोंडी "सब ठीक है" याला किंमत नाही.

चौथी गोष्ट वेळेची. वकिलाकडे बयाणा देण्यापूर्वी जावे. बयाणा दिल्यानंतर खोट सापडली तर तो पैसा परत काढण्यातच वर्षे जातात. नव्या इमारतीत घर घेत असाल तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वकिलाने कोणते कागद पाहावेत?

निदान ३० वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे. त्यात सूची क्रमांक २, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि त्यामागचे फेरफार पाहिले जातात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर हस्तांतरासाठी सरकारी परवानगी लागते. जुन्या मालकाने मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतले असेल तर तेही शोधावे लागते. अशा गहाणाची सूचना उपनिबंधकाकडे नोंदवण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१३ पासून झाली. त्याआधीची गहाणे तेथील शोधात दिसतीलच असे नाही. म्हणून विकणाऱ्याकडे मूळ कागद आहेत की नुसत्या झेरॉक्स, हे डोळ्यांनी पाहावे. बँकांची गहाणे नोंदवणारी सेरसाई ही केंद्रीय नोंदणी २०११ पासून आहे. फी भरून तेथेही शोध घेता येतो.

मालक आखातात आहे आणि भाऊ कुलमुखत्यारपत्रावर विकतो आहे, असे कोकणात आणि मुंबईत वारंवार होते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. साधे मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की ते संपते. नुसत्या मुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखतच पाहिजे.

आपल्या घरांतले खास प्रश्न

मुस्लिम घराण्याकडून मिळकत घेताना वकिलाला शरियतच्या वारसा कायद्याची माहिती असलीच पाहिजे. वडील वारले आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे, असे समजा. मिळकतीचे ४० हिस्से केले तर पत्नीचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७ होतात. हा हक्क मृत्यूच्या क्षणीच मिळतो. सातबारावर फक्त दोन भावांची नावे लागली म्हणून आईचा व बहिणीचा हक्क जात नाही. फेरफार हा महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. दोघा भावांनी सही केली तरी ४० पैकी १२ हिस्से विकले गेलेलेच नसतात. बहीण लग्न होऊन दूर गावी गेली असली तरी तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच. कागदाच्या सोयीसाठी तर हे हवेच, पण कोणाचा हक्क मारून घेतलेल्या घरात बरकत कशी येणार, हाही सवाल आहे.

वारसांत अज्ञान मूल असेल तर आईला त्याचा हिस्सा आपल्या अधिकाराने विकता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये हे ठरवले आहे. त्यासाठी न्यायालयातून पालक नेमून परवानगी घ्यावी लागते.

हिबा तोंडी झाला तरी चालतो. देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी पुरेशा आहेत. पण मागाहून इतर वारस "हिबा झालाच नाही" म्हणून उभे राहतात. तेव्हा ताबा खरोखर दिला होता का, कराची पावती कोणाच्या नावाने आहे, हे वकिलाने तपासावे आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. जमीन वक्फची आहे का, याचीही वक्फ मंडळाच्या नोंदीत खात्री करावी. वक्फ मिळकतीचे खरेदीखत नोंदले गेले तरी मालकी मिळत नाही.

मराठवाड्यात निजामकाळातील दस्त उर्दूत आहेत, पश्चिम महाराष्ट्रात जुने कागद मोडीत आहेत. वकिलाला ती लिपी येत नसेल तर जाणकाराकडून पूर्ण तर्जुमा करून घ्यावा. सारांशावर भागवू नये. जाहीर नोटीस साधारण १४ दिवसांची असते. ती त्या मोहल्ल्यात वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात, शक्य तर उर्दू पत्रातही द्यावी, म्हणजे खरा हक्कदार पुढे येईल.

खरेदीनंतर

नोंदणी झाली की काम संपले असे नाही. मालमत्ता पत्रकावर किंवा सोसायटीत नाव लावून घ्यावे. बँकेला दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी करून त्यावर बँकेची पोच घ्यावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिले पाहिजेत आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. यादीच नसेल तर मागणार काय?

कुरआन शरीफची सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि साक्षीदार असावेत, अशी तिची ताकीद आहे. "जबान दी है" यावर आपण व्यापार केला, तो सुताच्या गाठीपुरता ठीक होता. घराच्या बाबतीत मात्र लिहिणारा जाणता, इन्साफी आणि आपल्या बाजूचा असलाच पाहिजे. वकिलाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ आहे. ती घराच्या खर्चातच धरावी आणि बयाण्याच्या आधी द्यावी.