लहान दाव्यांची काउंटी कोर्टे
इंग्लंड व वेल्समध्ये १८४६ च्या कायद्याने जी काउंटी न्यायालये स्थापन झाली, त्यांचा हेतू २० पौंडांपर्यंतच्या किरकोळ येण्यासाठी सामान्य सावकार-दुकानदारास वरिष्ठ न्यायासनांचे खर्चिक उंबरठे झिजवावे लागू नयेत, हाच होता. आज लघुदाव्यांची मर्यादा सामान्यतः १०,००० पौंड आहे. वादीने प्रथम लेखी तगादा करावा, मग रकमेच्या मानाने ठरलेले शुल्क भरून दावा गुदरावा. समन्स बजावल्यापासून १४ दिवसांत प्रतिवादीने काहीच उत्तर दिले नाही, तर एकतर्फी हुकूमनामा मागता येतो. जिंकणाऱ्यासही वकिलाची फी प्रतिपक्षाकडून सहसा मिळत नसल्याने पक्षकार बहुधा स्वतःच उभे राहतात, आणि ही तरतूद मला विरळा शहाणपणाची वाटते. वसुली मात्र न्यायालय आपण होऊन करीत नाही. बेलीफ धाडायचा, तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क!