बॉटच्या गमती आणि फोनवरची आजी

हिंगोलीत वसमत-औंढ्याच्या हळदवाल्या घरांतही तो मेसेज पोचतो: ‘अभिनंदन! तुम्हाला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली.’ तिकीट कुणीच काढलेलं नसतं आणि नंबर पुष्कळदा +९२ ने सुरू होतो, म्हणजे थेट पाकिस्तानचा! अशा नको असलेल्या मेसेजची, म्हणजे स्पॅमची, ही गंमत मला मनापासून आवडते, कारण ती ओळखता आली की माणूस फसत नाही.

स्पॅमचा गोंधळ पहिल्यापासूनचाच. १९७८ मध्ये गॅरी थ्यूर्क यांनी सुमारे ४०० जणांना संगणकाच्या जाहिरातीचा ईमेल धाडला. पत्ते इतके झाले की जागा संपली आणि उरलेले मजकुरातच सांडले!

पण माझी सगळ्यात लाडकी आहे डेझी. ब्रिटनच्या ओटू कंपनीने २०२४ मध्ये ही एआय आजी तयार केली. भामट्याचा फोन आला की ती घरच्यांच्या, विणकामाच्या गप्पा लावते. एकेकाला तिने ४०-४० मिनिटं अडकवलंय. तेवढा वेळ तो भामटा दुसऱ्या कुणाला लुटू शकत नाही. मराठी बोलणारी अशी आजी यायलाच हवी.

तोवर असा मेसेज आला तर घरातल्या मोठ्यांना दाखवा, हसा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.