पिंपात मुरलेली काळी बिअर

आमच्या कळंबला बिअर मागितली की पहिला प्रश्न येतो, स्ट्राँग की माइल्ड? माइल्ड म्हणणारा क्वचितच भेटतो. स्ट्राँग म्हणजे ५ ते ८ टक्के अल्कोहोल, ६५० मिलिलिटरची बाटली, आणि ती जितकी गार तितकी चांगली, अशी साधारण समजूत. मी ज्या बिअरबद्दल लिहिणार आहे, तिच्यात अल्कोहोल १२ ते १४ टक्के असतं. रंग काळाकुट्ट. फार गार केली तर ती मुकी होते आणि प्यायची ती चार-चार थेंबांनी. ही बिअर व्हिस्कीच्या रिकाम्या ओकच्या पिंपात जवळजवळ वर्षभर मुरत पडलेली असते. तिचं नाव बॅरल-एज्ड इंपीरियल स्टाउट. गेली कित्येक वर्षं मी तिच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे, आणि मिळेल तेव्हा, मिळेल तेवढीच, चाखतो आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. अठराव्या शतकात लंडनच्या थ्रेल यांच्या कारखान्यातून पोर्टर नावाची काळी बिअर जास्त कडक करून रशियाच्या दरबारी जात असे. १७८१ मध्ये तो कारखाना बार्कले आणि पर्किन्स यांनी घेतला, तेव्हा विक्री पाहणाऱ्यांत कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन होते. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने सातू काळे होईपर्यंत भाजण्याच्या फिरत्या ढोलाचं पेटंट घेतलं आणि कडक पोर्टरला, म्हणजे स्टाउटला, आजचा रंग आला. कंपनी सरकारच्या गोऱ्या शिपायांसाठी हीच पोर्टर जहाजं भरभरून मुंबईला उतरत होती. पुस्तकांत फिकट रंगाच्या पेल एल बिअरचं कौतुक जास्त असलं, तरी शिपायांच्या पेल्यात पोर्टर जास्त होती.

आता पिंपाकडे येतो, कारण माझा जीव खरा तिथे अडकला आहे.

अमेरिकेत बोर्बन व्हिस्कीसाठी कायदा आहे की ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवायची. म्हणजे एका पिंपाचा बोर्बनसाठी एकदाच उपयोग. त्यानंतर ती साधारण २०० लिटरची पिंपं जगभर विकली जातात. स्कॉटलंडला जातात, बंगळुरूच्या ‘अमृत’कडे येतात, गोव्यात कुंकळ्ळीच्या ‘पॉल जॉन’कडे येतात. शिकागोच्या ‘गूज आयलंड’ ब्रुअरीतल्या ग्रेग हॉल यांची एका जेवणात बुकर नो यांच्याशी गाठ पडली. नो हे जिम बीम यांचे नातू, बोर्बनच्या धंद्यातलं मोठं नाव. त्यांच्याकडून हॉल यांनी सहा रिकामी पिंपं मिळवली आणि आपला हजारावा घाणा साजरा करायला त्यांत दाट काळी स्टाउट भरली. कंपनी हे साल १९९२ सांगत आली, अभ्यासकांना १९९५ जास्त पटतं. ‘बोर्बन काउंटी स्टाउट’ जन्मली ती अशी. आज दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी ती बाजारात येते.

लाकूड काय करतं हे समजून घेण्यासारखं आहे. ओकच्या लाकडात लिग्निन असतं. पिंप आतून जाळलं की त्यातून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन सुटतं. हेमिसेल्युलोजची साखर होते आणि ती करपून कॅरमेल बनते. ओकमधले लॅक्टोन खोबऱ्याचा वास देतात, अमेरिकन ओकमध्ये ते फ्रेंच ओकपेक्षा जास्त. टॅनिनमुळे जिभेला किंचित तुरटपणा लागतो आणि गोडव्याला आवर बसतो. शिवाय लाकडाने पोटात धरून ठेवलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते, त्यामुळे मुरताना अल्कोहोलही चढतं. उन्हाळ्यात बिअर फुगून लाकडाच्या छिद्रांत शिरते, थंडीत बाहेर येते, आणि प्रत्येक फेरीत काहीतरी घेऊन येते. फळ्यांमधून हवा अगदी सावकाश झिरपते. ती प्रमाणात असली तर मनुका आणि खजुराची चव येते, जास्त झाली तर ओल्या पुठ्ठ्याची.

पिंप निर्जंतुक नसतं, हेही ध्यानात घ्यावं. २०१५ च्या बोर्बन काउंटीच्या काही बाटल्यांत आम्ल करणारे जिवाणू वाढले, बिअर आंबट झाली. कंपनीने गिऱ्हाइकांना पैसे परत केले आणि पुढच्या वर्षापासून पाश्चरीकरण सुरू केलं. काही रसिक त्यावर नाराज झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. वर्षभर मुरलेली वस्तू बाटलीत बिघडणं हे मेहनतीचं मोठं नुकसान आहे.

आपल्याकडच्या हवेत मुरण्याचा वेग फार. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूत हाच आकडा १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. कळंबचा मे महिना तर बोलायलाच नको. इथे उघड्या शेडमध्ये बिअरचं पिंप ठेवलं तर वर्षाचं काम फार आधी उरकेल, आणि बिघडेलही तितक्याच लवकर. म्हणून गार खोली हवीच. अशा खोल्या महाराष्ट्रात आहेत. नाशिकला मी पहिल्यांदा वाइनची पिंपांची खोली पाहिली तेव्हा दारातच थबकलो. ओलसर लाकूड, द्राक्षं आणि व्हॅनिला यांचा मिळून एक वास तिथे भरून राहिला होता. ‘सुला’ची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ अशीच ओकमध्ये मुरते. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला, ‘फ्रातेल्ली’ची वाइनही ओकच्या पिंपांत ठेवली जाते. पिंपांची देखभाल जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चाखण्याकडे वळू. माझ्या भाच्याने शिकागोहून बोर्बन काउंटीची अर्ध्या लिटरची बाटली आणली आणि हातात देताना बजावलं, “मामा, एकट्याने संपवायची नाही.” हिशेब केला तर त्याचं म्हणणं पटतं. ५०० मिलिलिटरमध्ये १४ टक्के म्हणजे ७० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या जवळपास पावणेतीन पेगांइतकं. आम्ही चौघांत वाटून घेतली. डिसेंबरची रात्र होती, गच्चीवर.

बाटली फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढली. १२ ते १५ अंश तापमान उत्तम. ग्लास वाइनचा, तोंडाशी निमुळता, म्हणजे वास आत राहतो. ओतताना ती सावकाश आणि जड पडते. वर तपकिरी फेस येतो आणि लगेच विरतो. इतक्या अल्कोहोलपुढे फेस टिकत नाही, तो दोष समजू नये. नाक ग्लासात खुपसू नये, नुसती व्हिस्की चढते. लांबून, थोडा थोडा वास घ्यावा. आधी व्हॅनिला आणि खोबरं आलं, मग कॉफी, मग जळक्या लाकडाचा धूर. पहिला घोट जिभेवर पसरला तेव्हा गोडवा पुढे होता. मागून भाजलेल्या सातूचा कडूपणा आला आणि शेवटी छातीत ऊब. आमच्यातला एक ऊसवाला मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गुऱ्हाळाच्या काहिलीचा तळ खरवडल्यागत लागतंय की!” मी वाचलेल्या एकाही परीक्षणात इतकं नेमकं वर्णन नव्हतं. ग्लास तळहातात धरून जरा कोमट होऊ दिला की चव बदलते. खजूर, सुकं अंजीर वर येतं, व्हिस्की मागे सरते. त्यामुळे शेवटचा घोट घाईने घेणाऱ्याला अर्धीच बिअर कळते.

सोबत काय? शेंगदाणे-चकली नको, मीठ आणि तिखट तिला मारतं. आमच्याकडे उत्तर जवळच आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा पेढा. खवा चांगला परतलेला, रंगाने खरपूस, साखर बेताची. त्या पेढ्यातला भाजका दुधाळपणा आणि स्टाउटचा कडूपणा एकमेकांना धरून चालतात. चॉकलेटपेक्षा ही जोडी सरस आहे, हे मी खात्रीने सांगतो.

मग आपल्याकडे ही बिअर होत का नाही? पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ने महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली. त्यानंतर पुण्या-मुंबईत चांगल्या स्टाउट होऊ लागल्या, त्यांतल्या काही मी मुद्दाम जाऊन चाखल्या आहेत. हात कसबी आहेत. अडसर नियमाचा आहे. देशाच्या अन्न मानकांत बिअर ५ टक्क्यांपर्यंत साधी आणि ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. त्याच्या वर बिअरला जागाच नाही. आठाच्या आत पिंपातली स्टाउट करता येते, पण वर्षभर मुरायला लागणारा दाटपणा आणि ताकद तिच्यात कमीच पडते.

एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो आमच्या भागाचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याने कपात करायला सांगितलं. तो आदेश मला तेव्हाही पटला, आजही पटतो. बिअरच्या प्रत्येक लिटरमागे काही लिटर पाणी जातंच. पण चौघांत अर्धा लिटर पुरवून प्यायची बिअर आणि माणशी दोन-तीन बाटल्या रिचवायची बिअर, यांतली कुठली कमी पाणी खाईल, हे सांगायला नको.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाला आणि राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाला माझी विनंती आहे. ८ टक्क्यांच्या वर एक वेगळा वर्ग करा. लहान बाटली, मर्यादित उत्पादन, जास्त कर, आणि लेबलवर अल्कोहोलचा आकडा ठळक. गोव्याच्या व्हिस्कीची पिंपं, नाशिक-अकलूजचं पिंपांचं ज्ञान आणि पुण्याचे ब्रुअर एवढं सगळं एकाच टापूत असताना या बिअरसाठी शिकागोहून येणाऱ्या भाच्याची वाट पाहावी लागू नये.