नेव्हिए-स्टोक्स समीकरणे : उत्तर आहे, पण ते एकच आहे का?

नळातून पडणारे पाणी, पुलाच्या खांबामागे उठणारे भोवरे, विमानाच्या पंखावरून सरकणारी हवा या सगळ्यांची गती एकाच समीकरणसंचात बसते. क्लोद-लुई नेव्हिए या फ्रेंच अभियंत्याने तो १८२२ मध्ये मांडला आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्याला भक्कम पाया दिला. प्रवाहाच्या प्रत्येक कणाला न्यूटनचा दुसरा नियम लावायचा, दाब आणि अंतर्गत घर्षण म्हणजेच श्यानता हिशेबात धरायची, आणि पदार्थ दाबला जात नाही असे मानायचे. एवढ्यातून ही समीकरणे निघतात. २००० साली क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने दहा लाख डॉलरच्या बक्षिसाचे सात प्रश्न जाहीर केले, त्यांत यांचाही प्रश्न होता. तेव्हापासून त्याविषयी खूप लिहिले गेले, आणि तितकेच गैरसमजही पसरले. बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे. उकल अस्तित्वात आहे का, ती एकमेव आहे का आणि ती सुरळीत राहते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

गैरसमज १ : या समीकरणांना उत्तर आहे की नाही, हेच अजून कोणाला ठाऊक नाही.

वस्तुस्थिती : हा प्रश्न १९३४ मध्येच एका अर्थाने सुटला. ज्याँ लरे या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले, की संपूर्ण त्रिमितीय अवकाशात सुरुवातीची ऊर्जा मर्यादित असेल, तर पुढच्या सर्व काळासाठी किमान एक उकल मिळतेच. एबरहार्ड हॉप्फ यांनी १९५१ मध्ये भिंतींनी वेढलेल्या प्रदेशासाठी तेच सिद्ध केले. सुरुवातीचा वेग सुरळीत असेल, तर थोड्या काळापुरती सुरळीत आणि एकमेव उकलही मिळते. सुरुवातीचा वेग पुरेसा लहान असेल, तर ती कायमची मिळते. अडचण मोठ्या वेगाची आणि दीर्घ काळाची आहे. तिथे लरे यांची उकल हाती आहे, पण ती ‘दुर्बल’ उकल आहे.

गैरसमज २ : दुर्बल उकल म्हणजे अंदाजे उत्तर.

वस्तुस्थिती : दुर्बल उकलीत अंदाज कुठेच नसतो. नेहमीच्या अर्थाने उकल तपासताना प्रत्येक बिंदूवर, प्रत्येक क्षणी वेग कसा बदलतो हे मोजून समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. वेग इतका खडबडीत असेल, की त्याच्या बदलाचा दर काढताच येत नाही, तर ही तपासणी अडते. लरे यांनी ती वेगळ्या तऱ्हेने केली. व्यापाऱ्याच्या वहीतली प्रत्येक नोंद वाचता येत नसली, तरी कोणताही विभाग आणि कोणताही कालखंड निवडून तिथली जमा आणि खर्च ताडता येतो. तशी इथे संवेगाची बेरीज ताडली जाते, आणि अशा प्रत्येक निवडीसाठी ती तंतोतंत जुळावी लागते. सुरळीत उकल ही परीक्षा आपोआप उत्तीर्ण होते; खडबडीत उकलीलाही तिची दारे उघडी असतात.

मोबदल्यात काहीतरी सुटते. सुरळीत प्रवाहात घर्षणाने गेलेली ऊर्जा आणि उरलेली ऊर्जा मिळून सुरुवातीच्या ऊर्जेइतकी भरते. लरे यांच्या उकलीबाबत एवढीच हमी आहे, की ही बेरीज सुरुवातीच्या ऊर्जेपेक्षा जास्त होणार नाही. म्हणजे काही ऊर्जा हिशेबाबाहेर नाहीशी होण्याची शक्यता सिद्धांताने बंद केलेली नाही.

गैरसमज ३ : उकल आहे, म्हणजे ती एकच असणार.

वस्तुस्थिती : इथेच विषयाचा गाभा आहे. सुरुवातीची स्थिती तीच, लागू बल तेच, आणि तरीही पुढचा प्रवाह दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतो का? सुरळीत उकल जोपर्यंत टिकते, तोपर्यंत याचे उत्तर नाही असेच आहे: त्याच सुरुवातीपासून निघालेली लरे यांची कोणतीही उकल तिच्याशी मिळतीच असते. १९५९ ते १९६३ या काळात जोव्हानी प्रोदी आणि जेम्स सेरिन यांनी वेगावरच्या अशा अटी शोधल्या, ज्या पाळल्या तर एकमेवता आणि सुरळीतपणा दोन्ही मिळतात. पण लरे यांची प्रत्येक उकल त्या अटी पाळते, हे कोणी दाखवू शकलेले नाही.

अटी सैल केल्या तर काय होते, तेही आता कळले आहे. घर्षण नसलेल्या प्रवाहाच्या ऑयलर समीकरणांसाठी व्लादिमीर शेफर यांनी १९९३ मध्ये एक चकित करणारी दुर्बल उकल रचली: स्थिर प्रवाही आपोआप हलू लागतो आणि काही काळाने पुन्हा शांत होतो, कसलेही बल न लावता. २०१९ मध्ये ट्रिस्टन बकमास्टर आणि व्लाड विकोल यांनी नेव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या दुर्बल उकलीही एकमेव नसतात, हे सिद्ध केले. त्यांच्या उकली लरे यांची ऊर्जेची अट पाळत नाहीत, म्हणून त्या अजून लरे यांच्या वर्गाबाहेर होत्या. २०२२ मध्ये डॅलस आल्ब्रिटन, एलिया ब्रुए आणि मारिया कोलोम्बो त्या वर्गाच्या आत शिरले. स्थिर प्रवाहावर खास रचलेले एकच बाह्य बल लावून त्यांनी लरे यांच्या दोन भिन्न उकली मिळवल्या, आणि दोन्ही ऊर्जेची अट पाळणाऱ्या.

गैरसमज ४ : एकमेवता नसणे म्हणजे फुलपाखराने पंख हलवल्याने वादळ येण्यासारखेच.

वस्तुस्थिती : दोन्हींत मूलभूत फरक आहे. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये ज्या गोंधळी वर्तनाकडे लक्ष वेधले, त्यात प्रत्येक सुरुवातीला एकच भविष्य असते. सुरुवात किंचित बदलली, की भविष्य खूप बदलते. आपले मोजमाप अपुरे पडते, नियम अपुरा पडत नाही. एकमेवता नसेल, तर सुरुवात अनंत दशांश स्थळांपर्यंत अचूक ठाऊक असूनही समीकरण पुढचे भविष्य एकटे ठरवू शकत नाही. तिथे नियमच अपुरा ठरतो.

गैरसमज ५ : दोन मितींत प्रश्न सुटला आहे, तेव्हा तिसऱ्या मितीत थोडेच काम उरले असेल.

वस्तुस्थिती : सपाट, द्विमितीय प्रवाहात उकल कायम सुरळीत आणि एकमेव राहते. पूर्ण प्रतलासाठी लरे यांनी आणि सीमा असलेल्या प्रदेशांसाठी ओल्गा लादिझेन्स्काया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते सिद्ध केले. तिसऱ्या मितीत चित्र पालटते, कारण तिथे भोवरा ताणला जाऊ शकतो. ताणल्यावर तो बारीक होतो आणि वेगाने फिरू लागतो. सपाट प्रवाहात ही सोयच नसते.

हिशेबाने पाहू. प्रवाहातल्या एखाद्या रचनेचा आकार निम्मा केला, वेग दुप्पट केला आणि घटनाक्रम पावपट काळात बसवला, तरी समीकरणे बदलत नाहीत. द्विमितीत या लहान रचनेची ऊर्जा मूळ रचनेइतकीच राहते. त्रिमितीत ती निम्मी होते, पुढच्या पायरीला पुन्हा निम्मी. म्हणजे ऊर्जा मर्यादित आहे एवढ्या माहितीवर त्रिमितीतल्या अतिसूक्ष्म, अतिवेगवान हालचालींना अटकाव करता येत नाही. टेरेन्स ताओ यांनी २०१६ मध्ये ही अडचण किती खरी आहे ते दाखवले: समीकरणांचे सरासरी काढलेले एक रूप घेतले, त्यात ऊर्जेचा नियम तसाच ठेवला, आणि त्या रूपात मर्यादित काळात उकल बिघडते हे सिद्ध केले. केवळ ऊर्जेच्या बळावर सुरळीतपणा सिद्ध करू पाहणाऱ्या वाटा त्यामुळे बंद झाल्या.

गैरसमज ६ : सुरळीतपणा बिघडू शकतो, म्हणजे तो कुठेही आणि कितीही बिघडेल, आणि तसे झाले तर पाण्याचा स्फोट होईल.

वस्तुस्थिती : बिघाडाला कडक मर्यादा आहेत. १९८२ मध्ये लुइस काफारेली, रॉबर्ट कोन आणि लुई नीरेनबर्ग यांनी, ऊर्जेचा हिशेब प्रत्येक लहान प्रदेशातही पाळणाऱ्या उकलींसाठी, सुरळीतपणा जिथे बिघडतो ते बिंदू फार विरळ असतात हे सिद्ध केले. अवकाश आणि काळ एकत्र धरला, तर त्या बिंदूंनी एखादी वक्ररेषासुद्धा भरून निघत नाही. आणि वेग कागदावर अमर्याद झाला, तर त्याचा अर्थ एवढाच, की पाण्याला अखंड पदार्थ मानणारे हे प्रारूप त्या ठिकाणी आपल्या मर्यादेला पोहोचले. प्रत्यक्ष पाणी रेणूंचे बनलेले आहे.

गैरसमज ७ : महासंगणक ही समीकरणे रोज सोडवतात, मग हा वाद निव्वळ कागदावरचा आहे.

वस्तुस्थिती : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ ही हवामान-अंदाज प्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचे जाळे ६ किलोमीटरचे आहे. आधीचे सुमारे १२ किलोमीटरचे होते. याच कुळातली समीकरणे ती या जाळ्यावर सोडवते, आणि पावसाळ्याच्या अंदाजासाठी ही मोठी झेप आहे. पण हवेतले सर्वांत लहान भोवरे मिलिमीटरच्या आसपासचे असतात. जाळ्याच्या डोळ्यांतून निसटणाऱ्या सगळ्या हालचालींचा एकत्रित परिणाम वेगळी गृहीतके वापरून आत घालावा लागतो. उकल एकमेव आणि सुरळीत असेल, तर जाळे बारीक करत गेल्यावर उत्तर कुठे स्थिरावेल याची खात्री देता येते. ती हमी नसेल, तर दोन पद्धती दोन वेगळ्या उकलींकडे सरकू शकतील, आणि त्यांतली चूक कोणती हे समीकरण सांगणार नाही.

तरीही एकमेवता ढळली, तर सगळे संपले असे नाही. स्वनातीत विमानासमोर उठणाऱ्या धक्कालहरींच्या गणितात हे आधीच घडले आहे. तिथेही दुर्बल उकली अनेक निघतात, आणि एन्ट्रॉपी वाढली पाहिजे ही भौतिकशास्त्राची अट घातल्यावर, निदान सोप्या समीकरणांत, त्यांतून नेमकी एक उरते. त्रिमितीय प्रवाहासाठी अशी अट लागते का, आणि लागत असेल तर ती कोणती, हा आज खुला प्रश्न आहे. क्ले इन्स्टिट्यूटचा प्रश्न सुरळीतपणाविषयी आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले, तर सुरळीत सुरुवातीपासून निघालेल्या प्रवाहाला एकच भविष्य आहे, हे त्याच झटक्यात सिद्ध होईल. ‘नाही’ आले, तर बिघाडानंतरचे भविष्य एकच आहे का, आणि नसेल तर निसर्ग अनेक शक्यतांतून एक कशी निवडतो, ते शोधावे लागेल. दोन्ही बाबतींत पाणी कसे वाहते याविषयी आज नसलेले ज्ञान हाती येईल, आणि या प्रश्नामागे आयुष्य घालवणाऱ्यांच्या श्रमांचे खरे मोल तेच आहे.