मिरवेलीचा पहिला संकर

ज्या काळ्या मिऱ्याच्या मोहाने पाश्चात्त्यांची गलबते मलबारच्या मुलखाकडे वळली आणि ज्याच्या जकातीने अनेक बंदरांचे खजिने भरले, त्याच मिऱ्याचे जगातील पहिले संकरित वाण म्हणून ओळखले जाणारे ‘पन्नियूर-१’ केरळातील पन्नियूरच्या संशोधन केंद्रात, उतिरनकोट्टा व चेरियकणियक्काडन या देशी जातींच्या संकरातून निर्माण झाले आणि १९७१ साली लागवडीसाठी प्रसृत झाले. लांब घोस आणि टपोरे दाणे हे त्याचे गुण. दाट सावली मात्र त्यास मानवत नाही. मिऱ्याचा तिखटपणा पिपरीन या द्रव्यात, तर सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असल्यामुळे पैदासकारास केवळ वजनाचा हिशेब पुरत नाही. संकराचे गुण शाबूत राहावेत म्हणून रोपे बियांऐवजी वेलीच्या तुकड्यांपासून करतात, ही गोष्ट पोफळीवर मिरवेल चढविणाऱ्या कोकणच्या बागायतदारास नवी नाही.