चाकांवरचे बिऱ्हाड विजापूरच्या तटाशी

सुट्टी जवळ आली की महादेवपुऱ्यातल्या त्या मराठी घरात एक संवाद ठरलेला असे.

"आई, तुम्ही येणार ना?" सून विचारी.

"नको गं बाई! माझे गुडघे आणि वाटेतले ते संडास! तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे. प्रवासात पंचाईत नको म्हणून घोटभर पाणीसुद्धा टाळायचे आणि मग चक्कर येऊन पडायचे, हा त्यांचा अनुभव. बहुतेक घरांतल्या आजींचे हेच रडगाणे! यंदा मात्र मुलाने भाड्याने कॅरव्हॅन आणली आणि आजींची सबब संपली.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. मोठ्या गाडीतच झोपायला बाके, छोटासा ओटा, पाण्याची टाकी आणि मुख्य म्हणजे संडास. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. भाडे मात्र साध्या गाडीपेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे दोन कुटुंबांनी मिळून खर्च वाटून घेतला, तर खिशाला जड जात नाही.

बंगळुरूहून विजापूर सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेच निघाले की रिंग रोडची गर्दी टळते. तुमकूर, हिरियूर, चित्रदुर्ग, होसपेट असा रस्ता. आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडली की विजापूर जवळ आलेच. वृद्ध मंडळी बरोबर असतील, तर होसपेटला एक मुक्काम करावाच.

मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांचे घर बंगळुरूला आणि दरबार विजापूरला!

२०१४ पासून गावाचे अधिकृत नाव विजयपुरा. पहिल्या अली आदिलशहाने १५६५ च्या सुमारास गावाभोवती तट पुरा केला. त्याचा घेर सुमारे दहा किलोमीटर, बाहेर खंदक. हा तट औरंगजेबाच्या फौजेसमोर वर्षाहून अधिक काळ टिकला. १६८६ मध्ये विजापूर पडले. आज कुठे तट सलग दिसतो, कुठे खिंडारातून रस्ता जातो, तर कुठे त्याला टेकून घरे उभी आहेत.

जुन्या गावातल्या गल्ल्यांत कॅरव्हॅन घालण्याचे धाडस करू नये. एखाद्या हॉटेलच्या आवारात परवानगी घेऊन ती उभी करावी. तिथे वीज आणि पाणीही मिळू शकते. गावात रिक्षाने फिरावे. संडासाची टाकी उघड्यावर रिकामी करू नये आणि गाडी चालू असताना गॅस पेटवू नये.

गोल घुमट सकाळी लवकर पाहावा. गर्दी वाढली की प्रतिध्वनीऐवजी नुसता कल्लोळ ऐकू येतो. पश्चिमेच्या तटावर, शेरजा बुरुजावर, मुलूखमैदान तोफ आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची ही तोफ १६३२ मध्ये परांड्याहून इथे आणली गेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेले श्वापद असून, त्याच्या दाढेत हत्ती चिरडलेला दाखवला आहे. १८५४ मध्ये ती लिलावात अवघ्या १५० रुपयांना गेली होती! सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला.

जवळच उपळी बुरूज आहे, सुमारे ८० फुटी. त्याचा जिना बाहेरून वर चढतो. आजी खालीच सावलीत बसल्या. नातू वर पोचला आणि ओरडला, "आजी, इथून सगळं गाव दिसतंय! तू का नाही आलीस?"

"अरे, इथवर आले, हेच पुष्कळ!" आजी हसल्या.

पण शेरजा बुरुजाच्या पायऱ्या मात्र सुनेचा हात धरून त्या चढल्या होत्या. चार पायऱ्या झाल्या की थांबायचे, असे करीत थेट तोफेपर्यंत!

परतीच्या वाटेवर आजींनी स्वतःहून सुनेकडे बाटली मागितली आणि पोटभर पाणी प्यायल्या. सुनेने काही न बोलता दुसरी बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवली.